पाकीट एकाच्याच खिशात नको

पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. वय साठीच्या उंबरठ्यावर. त्या आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच परदेशी निघालेत, तेही टूर कंपनीबरोबर नाही, आपले आपण. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. म्हणजे तीन देश आणि कोरुना, युरो, फोरिंट अशी तीन चलनं. पैशांवरून घरात तीन तट पडलेत. यजमान म्हणतात, कार्डावर बँका लुटतात. सगळे युरो इथूनच रोख नेऊ आणि तिकडे लागतील तसे बदलून घेऊ. मुलगा म्हणतो, रोखीचा जमाना गेला. माझ्या क्रेडिट कार्डावर तुम्हा दोघांना ॲड-ऑन कार्डं, म्हणजे माझ्याच खात्यावरची जादा कार्डं, काढून देतो, ओटीपी माझ्या फोनवर येईल, मी सांगत जाईन. नणंदेचा आग्रह एकाच फोरेक्स कार्डाचा, म्हणजे आधी परकी चलन भरून न्यायच्या कार्डाचा आहे, शिवाय तिने स्वतःच्या जुन्या प्रवासातून उरलेल्या हजार आणि दोन हजार कोरुनाच्या नोटाही काढून दिल्यात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "यातलं सर्वांत स्वस्त कोणतं ते एकदा सांगून टाका. आणि खरं सांगू? चार पैसे जास्त गेले तर मला तेवढं वाटणार नाही. काउंटरवर मशीन काहीतरी विचारेल, मागे रांग असेल आणि हे माझ्याकडे बघत राहतील, त्याची धास्ती जास्त आहे."

ताई,

तुम्ही विचारलाय एक प्रश्न आणि काळजी दुसरीच आहे. सर्वांत स्वस्त काय, याचं उत्तर देता येईल, पण त्याने तुमची धास्ती जाणार नाही. आणि गंमत अशी की पैसे वाया जाण्याची खरी जागा त्या धास्तीतच आहे. रोख, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, फोरेक्स कार्ड हे सगळे मार्ग नीट वापरले तर त्यांच्यातला फरक दोन-चार टक्क्यांचा निघतो. मागे रांग आहे म्हणून घाईत दाबलेलं एक बटण मात्र एका झटक्यात दहा-बारा टक्के नेऊ शकतं. त्या बटणाकडे येतेच.

त्याआधी घरातल्या तीन सल्ल्यांकडे जरा बाजूला उभं राहून बघा. यजमानांच्या योजनेत पैसे त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात. मुलाच्या योजनेत ओटीपी त्याच्या फोनवर, तेही तुम्ही तिकीट काढत असताना तो जागा असेल आणि मीटिंगमध्ये नसेल तर. नणंदेच्या योजनेत दोघांत एक कार्ड. तिन्हींत तुम्ही एकट्या असाल तर कुठे ना कुठे अडू शकता. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेचं दार बंद झालं, एक आत आणि एक फलाटावर, एवढं घडलं तरी पुरे. म्हणून मी प्रश्नच बदलते: कुठल्याही क्षणी, दोघांपैकी प्रत्येकाकडे पैसे देण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत का? हे जमलं की स्वस्त-महागाचा हिशेब शांतपणे करता येतो.

यजमानांचा संशय अगदीच चुकीचा नाही. परदेशात कार्ड वापरलं की बहुतेक बँका वरून काही टक्के लावतात आणि ते बिलात ठळक दिसत नाही. पण रोखीत काहीच लागत नाही, हा समज तपासून बघा. चलन विकणारा ज्या दराने विकतो आणि ज्या दराने परत घेतो, त्या दोन दरांमधली फट हीच त्याची कमाई असते. 'शून्य कमिशन' अशी पाटी लावणाऱ्याची सुद्धा. तुमच्या प्रवासात ही फट अनेकदा ओलांडावी लागणार: आपल्या चलनातून युरो, युरोतून कोरुना, मग युरोतून फोरिंट, आणि उरलेलं सगळं परत उलट. कार्डाच्या व्यवहारात व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपला त्या दिवसाचा दर लावतं. तो बाजारातल्या घाऊक दराच्या बराच जवळ असतो आणि दोघांच्याही संकेतस्थळांवर कोणालाही बघता येतो. त्यावर तुमच्या बँकेचे टक्के. म्हणजे बँकेला विचारायचा खरा प्रश्न एकच राहतो: परकी चलनात खर्च केला तर तुम्ही वर किती लावता? एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्येही हा आकडा वेगळा असू शकतो, त्यामुळे कार्डागणिक विचारा.

सगळी रक्कम रोख नेण्याला माझा दुसरा आक्षेप सोपा आहे. हरवलेलं कार्ड फोनवरून बंद करता येतं. नोटा हरवल्या की विषय संपला. प्रवास विम्यात रोख रकमेची भरपाई असलीच तर ती सहसा छोट्या मर्यादेपर्यंत असते. तुमच्या पॉलिसीत तो आकडा शोधून यजमानांना दाखवा, वाद तिथेच निम्मा मिटेल. शिवाय युरोपीय संघात शिरताना किंवा बाहेर पडताना माणशी १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर कस्टमकडे लेखी घोषणा करावी लागते. तुम्ही एवढे नेणार नाही, पण 'सगळे रोख' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा नियम माहीत असलेला बरा.

तरीही थोडी रोख हवीच. व्हिएन्नात आजही अनेक लहान ठिकाणी रोखीलाच पसंती असते. बुडापेस्टमध्ये त्या मानाने कार्डाचं सोपं आहे, कारण ज्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन कॅश रजिस्टर सक्तीचं आहे, त्यांना २०२१पासून इलेक्ट्रॉनिक पैसे स्वीकारण्याची सोय ठेवावीच लागते. प्रागच्या ट्राममध्ये आतच यंत्र असतं, कार्ड टेकवून तिकीट निघतं. म्हणून इथून निघताना दोघांच्या खिशात मिळून दोन-तीन दिवसांच्या किरकोळ खर्चापुरते युरो ठेवा, आणि तेही लहान नोटांत. ५०० युरोची नोट २०१९नंतर नव्याने काढली जात नाही. ती चालते कायद्याने, पण घ्यायला कोणी हात पुढे करत नाही.

कोरुना आणि फोरिंट इथून शोधत बसू नका. मिळाले तरी दर वाईट असतो, कारण इथे त्यांना गिऱ्हाईक नसतं. तिथे पोचल्यावर एटीएममधून काढा. युरो बदलायची वेळ आलीच तर चलन बदलणाऱ्याच्या फलकावर भुलू नका. मोठ्या अक्षरांत अनेकदा तो विकण्याचा दर लावतो, तुम्हाला लागू होणारा खरेदीचा दर खाली कोपऱ्यात. आकडेमोड करण्यापेक्षा १०० युरोची नोट दाखवा, अजून हातात देऊ नका, आणि विचारा: "याचे माझ्या हातात किती कोरुना येतील?" तो आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवेल. एका युरोला साधारण २५ कोरुना आणि चारशेच्या आत-बाहेर फोरिंट हे डोक्यात असू द्या, निघायच्या दिवशी ताजा आकडा बघून घ्या. तो २,१०० कोरुना दाखवत असेल तर "थँक यू" म्हणून पुढे चालायचं. आणि प्रागमध्ये फसलात हे दुकानाबाहेर आल्यावर कळलं तर? चेक कायद्यात एप्रिल २०१९पासून चांगली तरतूद आहे: १,००० युरोपर्यंतचा रोख चलनबदल तीन तासांच्या आत, कारण न देता, रद्द करता येतो. पावती मात्र हातात हवी. रस्त्यात गाठून "चांगला दर देतो" म्हणणाऱ्याला ही तरतूद लागू करायला तुम्ही कुठे शोधणार? त्याच्याकडून अनेकदा भलत्याच देशाच्या, किंवा रद्द झालेल्या नोटा हातात पडतात.

नणंदेच्या नोटांचंही याच ओघात सांगते. नोटेवर छापलेलं साल बघा. चेक राष्ट्रीय बँकेने नव्वदच्या दशकातल्या नोटा बाद केल्यात. जून २०२२नंतर त्या दुकानात चालत नाहीत. हजाराच्या नोटेवर २००८ आणि दोन हजारांच्या नोटेवर २००७ असेल तर खुशाल खर्चा. १९९६ किंवा १९९९ असेल तर त्या भरवशावर पहिल्या दिवसाचा खर्च ठेवू नका. त्यांनी प्रेमाने दिल्यात, घेऊन ठेवा, पण हिशेबात धरू नका.

आता ते बटण. तुम्ही एटीएमसमोर उभ्या आहात असं धरा. कार्ड घातलं, पिन टाकला. पडद्यावर मोठ्ठ्या रकमांची बटणं येतात, दहा हजार, वीस हजार. पर्यटकांच्या भागातली यंत्रं मुद्दाम मोठे आकडे पुढे करतात. 'अदर अमाउंट' शोधा आणि हवी ती रक्कम टाका, समजा ५,००० कोरुना. मग यंत्र त्याची वेगळी फी सांगेल. ती पटली नाही तर इथेच रद्द करून दुसरं यंत्र गाठा. यानंतर जो पडदा येतो तो खरा. त्यावर तुमच्या घरच्या चलनातली रक्कम अगदी पैशापर्यंत दिसते, 'गॅरंटीड रेट' असं काहीसं लिहिलेलं असतं, आणि खाली दोन बटणं: एक हिरवं, 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन', दुसरं फिकट, 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन'. माणसाला वाटतं, डिक्लाइन दाबलं तर व्यवहारच बंद होईल, कार्ड अडकेल. तसं होत नाही. यंत्र फक्त एवढंच विचारतंय की हिशेब माझ्या दराने करू की तुमच्या बँकेवर सोडू. डिक्लाइन दाबा, पैसे कोरुनातच बाहेर येतात आणि दर तुमच्या कार्डाचा लागतो. या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. आपल्या ओळखीच्या चलनात आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो, आणि त्या दिलाशाचीच ते किंमत लावतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०२०पासून अशा व्यवहारात युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या वर किती टक्के लावलेत, ते आधी दाखवावं लागतं. बारीक अक्षरांत असतं, पण असतं. तो टक्क्याचा आकडा एकदा यजमानांना वाचायला लावा. लुटतं कोण ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळेल.

दुकानात आणि हॉटेलातही हेच. कार्डाचं मशीन तुमच्यासमोर धरतात तेव्हा त्यावर दोन रकमा दिसल्या तर स्थानिक चलनाची निवडायची: प्रागमध्ये सीझेडके, बुडापेस्टमध्ये एचयूएफ, व्हिएन्नात ईयूआर. ही तीन-तीन अक्षरं वहीत लिहून ठेवा. कधी कधी समोरचा माणूस मदत म्हणून स्वतःच बटण दाबतो. मशीन हातात मागून घ्या, त्यात उर्मटपणा नाही. चुकून आपल्या चलनात झालंच तर जागेवरच "प्लीज कॅन्सल, लोकल करन्सी" म्हणा. पावतीवर दोन्ही आकडे असतात, तेव्हाच दुरुस्त होतं. घरी आल्यावर बँकेशी भांडून फारसं काही हाती लागत नाही. आणि "युरोत द्या, चालेल" असं प्राग किंवा बुडापेस्टमधला दुकानदार म्हणाला तर ती सोय त्याची आहे. दर तो ठरवतो आणि सुटे कोरुनात परत येतात.

रांगेचं काय? रांग थांबते, ताई. चाळीस मुलांचा वर्ग ज्या बाईंनी सांभाळला, त्यांनी मागच्या चार अनोळखी माणसांच्या उसाशांना घाबरायचं कारण नाही. पहिलं एटीएम मात्र भर चौकातलं निवडू नका. बँकेच्या इमारतीतलं, तेही बँक उघडी असतानाचं निवडा. तिथे गर्दी कमी असते, यंत्र बँकेचं स्वतःचं असतं, आणि कार्ड अडकलंच तर आत जाऊन विचारता येतं. पहिल्यांदा पैसे तुम्ही काढा, यजमान शेजारी उभे राहू देत. दुसऱ्या देशात उलट करा.

मुलाच्या योजनेतलं चांगलं ते घ्या. क्रेडिट कार्डाचा एक मोठा उपयोग आहे. हॉटेलं आणि गाडी भाड्याने देणारे अनामत म्हणून काही रक्कम रोखून धरतात. डेबिट किंवा फोरेक्स कार्डावर ती तुमच्याच पैशांतून अडकते आणि सुटायला कित्येक दिवस जातात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा तेवढी कमी दिसते. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्ड पुढे करा. त्याच कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नका, कारण त्यावर बहुधा वेगळी फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून धावायला लागतं. दोघांची ॲड-ऑन कार्डं म्हणजे दोन मार्ग, असं मुलाला वाटत असेल तर ते बरोबर नाही. दोन्हींच्या मागे खातं एकच. बँकेला एका व्यवहाराचा संशय आला आणि खातं गोठवलं, तर तिघंही एकदम अडकता, त्यातला एक घरी बसून.

ओटीपीचं गणितही त्याला समजावून सांगा. समोर मशीनमध्ये कार्ड घालून पिन टाकला की ओटीपी सहसा लागतच नाही. तो लागतो ऑनलाइन, म्हणजे रेल्वेचं किंवा संग्रहालयाचं तिकीट फोनवरून काढताना. ती तिकिटं शक्य तेवढी निघण्याआधी काढा. उरलेल्यासाठी स्वतःच्या खात्याशी जोडलेला नंबर रोमिंगवर सुरू असायला हवा. तिकडचं सिम घालण्यासाठी जुनं सिम काढून डबीत ठेवलं की बँकेचे संदेश त्या डबीतच येत राहतात!

म्हणून माझा आग्रह वेगळ्याच कार्डावर आहे. तुमचं पेन्शन ज्या खात्यात येतं, त्याचं डेबिट कार्ड तुमच्याकडे असणार. ते परदेशात वापरायची परवानगी बहुधा बंद असेल. बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन ती सुरू करा, एटीएमची आणि दुकानातल्या मशीनची वेगवेगळी असते हे लक्षात ठेवून दोन्ही. रोजची मर्यादा किती ते ठरवा, एटीएमच्या प्रत्येक खेपेला बँक किती घेते ते विचारा, आणि निघायच्या आधी इथेच एकदा पिन वापरून बघा. यजमानांचं कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर उत्तम, आणि एक व्हिसा, एक मास्टरकार्ड असेल तर आणखी उत्तम. यातल्या एखाद्या कंपनीचं जाळं तासभर बंद पडण्याचे प्रसंग येतात. दोघांनी आपापलं कार्ड आपापल्याकडे ठेवायचं. तिसरं, म्हणजे मुलाचं, हॉटेलच्या तिजोरीत किंवा सामानाच्या आतल्या कप्प्यात. बँकांचे परदेशातून लागणारे हेल्पलाइन नंबर कागदावर, दोघांकडे. फोनच हरवला तर फोनमधला नंबर काय कामाचा?

हा तुमच्या तीन चलनांपलीकडचा, पण वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगाचा मुद्दा आहे: कार्ड सगळीकडे चालेलच असं गृहीत धरू नये. रशियात २०२२च्या मार्चपासून बाहेरची व्हिसा आणि मास्टरकार्ड चालत नाहीत, इराणमध्येही नाहीत. चीनमध्ये रोजचे व्यवहार अलीपे आणि वीचॅट या फोनवरच्या ॲपवरून होतात, आणि परदेशी कार्ड त्यांना जोडण्याचं काम विमानात बसण्याआधीच उरकलेलं बरं. काही देशांचं चलन बाहेर न्यायला बंदी असते, ट्युनिशियाचा दिनार त्यातलाच. तिथे शेवटच्या दिवसाआधी खिसे मोकळे करावे लागतात.

फोरेक्स कार्ड वाईट नाही. भरताना दर पक्का होतो, आणि ठरलेली रक्कम संपली की खर्च आपोआप थांबतो, त्यामुळे काही घरांत शांतता राहते. तुमच्या बाबतीत अडचण अशी की त्यावर युरो सहज मिळतील, कोरुना आणि फोरिंट बहुधा नाहीत. मग प्रागमध्ये प्रत्येक खर्चावर युरोतून कोरुना करण्याचा वेगळा आकार पडतो. घ्यायचंच असेल तर फक्त व्हिएन्नाच्या मुक्कामापुरतं घ्या, आणि उरलेली रक्कम परत काढायला काय पडतं ते घेण्याआधी विचारा.

एका देशातून दुसऱ्यात जाताना नोटांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण अडेल. उरलेले कोरुना बुडापेस्टमध्ये नेऊन फोरिंट करू नका, दोन लहान चलनांत थेट बदल करताना दर दोन्हीकडून कातरला जातो. नाण्यांना तर कोणी हातच लावत नाही. प्राग सोडण्याच्या दिवशी हॉटेलच्या बिलातला काही भाग रोख द्या, नाण्यांसकट, आणि उरलेला कार्डाने. "पार्ट कॅश, पार्ट कार्ड" म्हटलं की त्यांना कळतं. रोख देताना आकडा थोडा मागे-पुढे झाला तर दचकू नका. हंगेरीत एक आणि दोन फोरिंटची नाणी २००८मध्येच गेली, तेव्हापासून रोख बिल पाचाच्या पटीत धरतात. कार्डाने दिलं तर बिलावरचा नेमका आकडा जातो.

परत आल्यावर कार्डाची परदेशातली परवानगी लगेच बंद करा, पण पावत्या महिनाभर टाकू नका. हॉटेलची अनामत सुटली का, आणि एखादा व्यवहार आधी एका आकड्याने दिसून नंतर दुसऱ्याने पक्का झाला का, ते त्या पावत्यांवरूनच कळेल. दोन-चार दिवसांत दर बदलल्याने थोडा फरक पडतो, तो सोडून द्या. एकच खरेदी दोनदा लागलेली दिसली तर मात्र त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, आणि ते पत्र यजमानांच्या नाही, ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या नावाने जाऊ द्या.